सल्लोच्या पायऱ्या

१

पुन्नू रामनं पाठीवरची पिशवी दर साली बांधायचा तशीच बांधली. खाली घोंगडी, तिच्यावर सत्तू आणि गूळ, मग मक्याच्या भाकऱ्यांचं फडकं, मीठ, चहाची पूड आणि सगळ्यात वर दोर. दुदारी जोत, म्हणजे ती बर्फातली उंच खिंड ओलांडून पलीकडे लाहूलमध्ये उतरायचं, हे त्याचं जन्मभराचं काम. तरुणपणी तो मेंढ्या घेऊन जायचा, मेंढ्या विकल्यावर डोंगर बघायला येणाऱ्या शहरी पाहुण्यांना घेऊन जायला लागला. कुठली वस्तू कुठं जाते हे हातांना पाठ होतं. या खेपेला फक्त दोराखाली भरमौरच्या बाजारातून आणलेलं कोरं पांढरं कापड घालायचं होतं, आणि ते घालताना हात अडखळले.

ब्यासो, त्याची बायको, अंगणात लोकर पिंजत बसली होती. तिचा भाऊ चतरो फाटकातून खोकत आत आला.

"चिलीम इथंच ठेवून जा," ती मान वर न करता म्हणाली. "चढावर म्हाताऱ्या शेळीसारखा खोकतोस."

"शेळी खोकली तरी जोत चढतेच की, ताई."

ब्यासो हसली नाही. पुन्नू पिशवी खांद्यावर घेऊन उभा राहिला तेव्हा ती जवळ आली आणि तिनं पट्टा नीट केला.

"तिला उचलताना जरा सांभाळून," ती म्हणाली. "केस ओढले जातील. लांब आहेत तिचे."

सल्लो त्यांची एकुलती एक. मुलगा नाही म्हणून गावानं हळहळावं आणि मुलीनं बापाच्या पुढं चार पावलं टाकत डोंगर चढावा, असंच चाललं होतं. मनालीला जाऊन ती बर्फावरचं काम शिकून आली आणि स्वतःच लोकांना जोतीपार न्यायला लागली. गेल्या आश्विनात तिनं आपले पाहुणे सुखरूप पलीकडच्या कुरणात उतरवले. मग तिच्या ध्यानात आलं की सामान वाहणारा एक हमाल मागं राहिलाय. ती उलट वर चढली. हमाल दुसऱ्याच घळीतून खाली उतरला होता आणि कुठल्याशा घरात चहा पीत बसला होता. दुपारी बर्फ सुरू झालं, ते थांबेचना. शोधायला गेलेले लोक कंबरभर बर्फातून परत आले. मग जोत बंद झाली आणि सगळा हिवाळा ती बंदच राहिली.

आता ज्येष्ठ सरत आला होता. बर्फ वितळायला लागलं की डोंगर घेतलेलं परत देतो, असं जुनी माणसं म्हणतात. पुन्नू आणि चतरो ते घ्यायला निघाले.

२

भूर्जाची झाडं जिथं संपतात तिथं मेंढपाळांचं एक गोठ आहे. दगडी भिंती, वर फळ्या, फळ्यांवर माती. हिवाळ्यात आत बर्फ शिरतं, आणि सालातला पहिला माणूस येतो त्याची सगळी दुपार ते उपसण्यात जाते. त्यासाठी पुन्नूनं फावडं बरोबर घेतलं होतं.

फावड्याची गरज पडली नाही.

आतली जमीन झाडलेली होती. ओल्या मातीवर झुडपाच्या फांदीचे ओरखडे ओळीनं उठले होते. चुलीत काटक्या एकमेकींवर आडव्या रचून ठेवल्या होत्या, नुसती काडी लावायची बाकी. कोपऱ्यात पाण्यानं काठोकाठ भरलेला डबा होता आणि त्यावर पातळ दगडाचं झाकण.

"देव पावला!" चतरोनं पिशवी धपकन टाकली आणि पाय पसरले. "कुणीतरी पुण्यवान आपल्या आधी येऊन गेलाय, दाजी. चहा टाका."

पुन्नूनं काडी लावली. काटक्या लगेच पेटल्या. कुणी मेंढपाळ कालपरवा मुक्काम करून पुढं गेला असेल, त्याच्या मनात आलं, आणि जाताना मागच्यासाठी चूल रचली असेल. तशी रीतच आहे. पण रीत अशीही आहे की लाकडं चुलीच्या उजव्या हाताला ठेवायची, कारण दार उजवीकडं आहे आणि तिकडून येणारा वारा धूर डावीकडं लोटतो. ही डावीकडं रचलेली होती. डावीकडून लाकूड सारायचं म्हणजे धूर डोळ्यांत घ्यायचा.

सल्लो डावखुरी होती. याच चुलीपाशी तो तिच्यावर किती वेळा चिडला होता. ती डोळे पुसत म्हणायची, "बापू, माझा उजवा हात म्हणजे पाहुणा. पाहुण्याला काम सांगतात का?"

त्यानं लाकडं उचलून उजवीकडं ठेवली. डावखुरी माणसं जगात कमी आहेत का, असं त्यानं स्वतःला समजावलं. सकाळी उठून निघायच्या गडबडीत त्याचं चुलीकडं लक्ष गेलं. लाकडं पुन्हा डावीकडं होती.

चतरोनं हलवली असतील. त्यानं विचारलं नाही. चतरो नाही म्हणेल, याची त्याला भीती वाटली.

३

वरच्या कुरणात म्हातारा दुलो राम मेंढ्या घेऊन बसला होता. त्याच्याकडं बसून त्यांनी चहा घेतला. ते कशासाठी निघालेत हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो हवापाण्याचं बोलत राहिला.

"गोठात तुम्ही होतात का, काका?" पुन्नूनं विचारलं. "झाडलोट केलेली होती."

"मी? मी कशाला? मी खालच्या पुलाकडून सरळ इकडं आलो."

"मग पुढं कोण गेलंय?"

"कुणी नाही. यंदा पहिले तुम्हीच. इथून कुणी जाईल आणि मला कळणार नाही? मुंगी गेली तरी मेंढ्या माना वळवतात." दुलोनं चहाचा घोट घेतला. "गेले काही दिवस माना वळवतात खऱ्या. सगळ्या एकदम. मी उठून बघतो तर वाटेवर कुणी नसतं."

चतरो कसनुसं हसला. "म्हातारपणी मेंढ्यांनाही भास होतात वाटतं."

"होत असतील," दुलो म्हणाला. तो त्यांना पोचवायला वाटेपर्यंत आला नाही, बसल्या जागेवरूनच हात वर केला.

कुरण संपलं आणि दगडगोट्यांचा पट्टा लागला. ऊन लख्ख होतं. वारा अजिबात नव्हता. त्या शांततेत वरून आवाज यायला लागला. टक, टक, टक. मग जरा थांबून पुन्हा टक, टक.

"दगड पडताहेत," चतरो म्हणाला.

"हं."

दगड असे हिशेबानं पडत नाहीत. कुऱ्हाडीनं टणक बर्फात पायरी खोदली की असा आवाज येतो. काही घाव, मग सुटलेले तुकडे पायानं बाजूला सारायला लागतो तेवढा वेळ, मग पुन्हा घाव. ज्याला कामाची घाई नाही आणि कंटाळाही नाही, अशा माणसाचा आवाज. पुन्नू चालताना तो ऐकत होता, आणि आपण त्या तालावर पाय टाकतोय हे त्याच्या बऱ्याच वेळानं ध्यानात आलं.

जोतीखालच्या शेवटच्या मुक्कामाला पोचेपर्यंत ऊन कलंडलं होतं. तिथं बर्फाच्या कडेला तंबूपुरती जागा सपाट केलेली होती. टोचणारे खडे वेचून काढले होते. ज्या बाजूनं संध्याकाळी वारा येतो त्या बाजूला दगडांचा गुडघाभर बांध घातला होता. नवा बांध. दगडांच्या खालच्या बाजूंची माती अजून ओली होती.

चतरोनं पिशवी खाली ठेवलीच नाही.

"दाजी, हे काय आहे?"

"जागा केलीय," पुन्नू म्हणाला. त्याचा चेहरा वेगळाच दिसत होता. "पाहुण्यांच्या आधी पुढं जायचं, जागा करून ठेवायची. ती असंच करायची."

"दाजी."

"ती आहे, चतरो. कुठल्या तरी गुहेत राहिली असेल. मेंढपाळ पीठ-मीठ ठेवून जातात की नाही गुहांमधून?"

"अख्खा हिवाळा?" चतरोचा आवाज फाटला. "इथं? माझ्या ताईची पोर होती ती, मला काय नको आहे का? पण अख्खा हिवाळा, दाजी! आणि जिवंत आहे तर खाली का नाही आली? आपण इथं उभे आहोत, समोर का येत नाही?"

पुन्नू सपाट केलेल्या जमिनीवर उकिडवा बसला आणि तळवा टेकवून बघितला. जमीन गार होती, सगळी असते तशीच. तरी त्यानं हात बराच वेळ उचलला नाही.

४

सकाळी चतरोनं दोर आपल्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक दाजीच्या कमरेला. गाठ त्यानं पुन्हा पुन्हा ओढून बघितली.

"वरपर्यंत जाऊ," तो म्हणाला. "माथ्याखालच्या काळ्या कातळापाशी शोधू. दिसली तर आणू, नाही तर परत. तुम्हाला माझी शपथ आहे."

खिंडीखालचा उतार सकाळी काचेसारखा असतो. तिथं पुढच्या माणसानं पायरी खोदायची, मागच्यानं तिच्यात पाय ठेवायचा. पुन्नूनं कुऱ्हाड काढली आणि पहिला घाव घालायला वाकला, तर पायरी होतीच. तिच्यापुढं दुसरी, तिसरी. उतारावर तिरकी, वरवर जाणारी पायऱ्यांची ओळ.

फार सुबक पायऱ्या होत्या. आतल्या बाजूला किंचित कलत्या, म्हणजे पाय बाहेर सरकायला नको. कोपऱ्यांत डाव्या हातानं मारलेले घाव दिसत होते. अंतर त्याच्या पावलाला थोडं कमी पडत होतं. बर्फाचे सुटलेले तुकडे कडेला पडले होते, त्यांच्या कडा अजून धारदार होत्या. या उन्हात त्या चहा पिऊन होईपर्यंतसुद्धा टिकल्या नसत्या.

पुन्नू वाकून बघत राहिला. फौजेची माणसं असतील. शिकायला आलेली पोरं असतील. पलीकडून कुणी येऊन गेलं असेल. पण एक गोष्ट त्याला कुठंच बसवता येईना. पायरी खोदणारा माणूस आधी तिच्यात उभा राहतो आणि मगच पुढची खोदतो. यांतल्या एकाही पायरीत बुटाचा ठसा नव्हता. सगळ्या कोऱ्या होत्या. त्यांत पहिला ठसा त्याच्याच पायाचा पडत होता.

"थांबलात का?" मागून चतरो.

"काही नाही. चल."

उभ्या आयुष्यात दुदारी इतकी सोपी कधी गेली नव्हती. धाप लागत नव्हती, पोटऱ्या दुखत नव्हत्या. आई जेवण वाढून ठेवते तसा कुणीतरी तो उतार त्यांच्यापुढं वाढून ठेवला होता. मागं चतरो रडत होता. आवाज न करता, नाक ओढत रडत होता, आणि तरीही पाय मात्र नेमका त्या पायऱ्यांतच टाकत होता.

टक, टक, टक. आता अगदी जवळून.

५

काळ्या कातळापाशी वाट उजवीकडं वळते. तिथून खिंडीचा माथा हाकेच्या अंतरावर, वर निशाणं फडफडताना दिसतात. मेंढ्या, माणसं, खेचरं, सगळी उजवीकडूनच जातात.

पायऱ्या डावीकडं गेल्या होत्या.

डावीकडं बर्फाचा एक पसरट कट्टा आहे. दिसायला अंगणासारखा. त्याच्याखाली काही नाही. नुसतं बर्फ पुढं आलेलं आहे आणि खाली भेग आहे, जिचा तळ कुणी बघितलेला नाही. मेंढरूसुद्धा तिकडं जात नाही. कट्ट्याच्या मध्ये एक फुगवटा होता आणि आवाज त्याच्या पलीकडून येत होता.

पुन्नू डावीकडं वळला. दोर ताणला गेला.

"नाही," चतरो म्हणाला. त्यानं कुऱ्हाड बर्फात रोवली होती आणि तिच्यावर छातीनं पडला होता. "त्या बाजूला मी येणार नाही आणि तुम्हाला जाऊ देणार नाही."

"ती तिकडं आहे. तुला ऐकू येत नाही?"

"ऐकू येतंय! कालपासून ऐकू येतंय!" चतरो ओरडला. "म्हणूनच सांगतोय. तिकडं उभं राहायला जागा नाही, दाजी. तुम्हीच मला शिकवलंय ना? तिकडं कुणी उभं कसं राहील?"

"दोर सोड."

"ताईला जाऊन काय सांगू? पोरीपाठोपाठ नवराही दिला?"

पुन्नूनं दोर जेवढा जाईल तेवढा ताणून एक पाऊल टाकलं, मग दुसरं. आता फुगवट्याच्या वरून पलीकडचं थोडं दिसत होतं.

पाठमोरी वाकलेली कुणीतरी होती. निळं जाकीट, उन्हानं विटलेलं. पाठीवर वेणी, आणि वेणीवर बर्फाचे कण. डावा हात वर जात होता आणि खाली येत होता. वर, खाली. बाजूच्या बर्फावर उन्हाचा नुसता चकचकाट होता.

त्याच्या घशातून हाक निघाली. तो घरात हाक मारायचा तशीच, जेवायला बोलवायचा तशी.

"सल्लो!"

घाव थांबले. डावा हात वर होता तो तसाच वर राहिला. मग खांदा हलला, आणि ती वळायला लागली.

चतरोनं दोराला असा हिसडा दिला की पुन्नू तोंडावर आपटला. पुढच्या क्षणी मेव्हणा त्याच्या पाठीवर होता आणि पुन्नूचं डोकं दोन्ही हातांनी बर्फात दाबत होता. "बघू नका, दाजी," तो म्हणत होता. "तोंड बघू नका. पाया पडतो, बघू नका." त्याचे स्वतःचे डोळे मात्र समोर होते. त्याचं सगळं अंग थरथरत होतं, आणि मग एकाएकी ते थरथरायचं थांबलं. ते थांबणं पुन्नूला पाठीवर कळलं.

बर्फात नाक खुपसलेला पुन्नू ताकदीनं त्याच्याहून सरस होता. त्यानं मनात आणलं असतं तर तो उठू शकला असता.

त्यानं डोकं वर केलं तेव्हा कट्टा मोकळा होता. पायऱ्या फुगवट्यापर्यंत जात होत्या. त्यांच्यापुढं सपाट, अखंड, कुणी न मोडलेलं बर्फ. आवाज मात्र पुन्हा सुरू झाला होता. आता दूरवरून, भेगेच्या पलीकडून, आणि पहिल्यापेक्षा सावकाश.

६

ते घरी परतले तेव्हा ब्यासोनं पिशवीकडं बघितलं. दोराखालचं पांढरं कापड घडीसकट तसंच होतं. तिनं दोघांना गरम पाणी दिलं, भाकरी वाढली, आणि ते जेवेपर्यंत काही विचारलं नाही.

मग पुन्नूनं सगळं सांगितलं. चूल, बांध, पायऱ्या, निळं जाकीट. ती ऐकत होती आणि बोटांनी लोकरीतले काटे वेचत होती.

"तुमच्या हाकेला वळली?"

"वळत होती."

"आणि तुम्ही बघितलं नाहीत."

ब्यासो भावाकडं वळली. चतरो उंबऱ्यावर बसला होता. परतीच्या वाटेवर तो चकार शब्द बोलला नव्हता, आणि उतरताना चिलमीचीसुद्धा त्याला आठवण झाली नव्हती.

"तू बघितलंस," ती म्हणाली. "नाही म्हणू नकोस. मी तुला अंगाखांद्यावर खेळवलंय. कशी होती रे माझी पोर?"

बाहेर कुणाचीतरी गाय हंबरत होती.

"दमली होती, ताई," तो शेवटी म्हणाला. "फार दमली होती."

त्याहून अधिक त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. ब्यासोच्या बोटांतली लोकर खाली पडली. ती अगदी हळू म्हणाली, "मग तिला कुणी बस म्हणालं नाही का?"

७

आषाढाच्या सुरुवातीला, खालच्या गावांत पाऊस पोचायच्या आत, ब्यासो आणि पुन्नू वर गेले. चतरो आला नाही. ब्यासोनं चढाला आधार म्हणून कमरेला लोकरीचा जाड दोरा गुंडाळला, हातात काठी घेतली. लग्नानंतर इतक्या वर ती पहिल्यांदाच चालली होती. वाटेत गोठात चूल रचलेली होती. तिनं डावीकडचं लाकूड उचलून चुलीत सारलं, धूर डोळ्यांत घेतला, आणि पुन्नूकडं बघून म्हणाली, "राहू द्या तशीच."

शेवटच्या मुक्कामाच्या वर, जिथं उतार सुरू होतो, तिथं एका शिळेवर ती बसली. दुपार होती. आवाज येत होता.

टक, टक, टक. मग थांबून पुन्हा टक, टक.

"हाच?"

"हाच."

ब्यासोनं डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं. मग दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाक मारली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण त्या हवेत तो वर गेला.

"सल्लो! ए सल्लो! बास झालं, बाळा! सगळी माणसं उतरली, कुणी मागं राहिलं नाही! आता बस!"

आवाज थांबला.

पुन्नूची नजर काळ्या कातळावर होती. तिथं काही हललं नाही. सावल्या लांब झाल्या, वितळलेल्या बर्फाचं पाणी दगडांखालून झुळझुळत राहिलं, वरच्या खिंडीतून एक कावळा तिरका उतरून खाली गेला. कान नुसते वाट बघत होते. घाव आता पडेल, आता पडेल. पडला नाही.

सगळा हिवाळा पुन्नू रडला नव्हता. जोतीवरून रिकामा परतला तेव्हाही नाही. तो आवाज होता तोवर पोर कुठंतरी होती, काहीतरी करत होती. आता वर नुसतं बर्फ होतं. त्यानं बायकोचा हात धरला, आणि लहान मूल मागतं तसं तो म्हणाला, "पुन्हा एकदा हाक मार ना तिला."

ब्यासोनं मान हलवली. त्याच्या गालावरचं पाणी तिनं आपल्या ओढणीनं पुसलं.

"नको," ती म्हणाली. "आत्ता कुठं डोळा लागला असेल."